वाचनालयाच्या पेटीला स्वतःचा पत्ता सांगता यावा म्हणून: प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी तयार केलेली पेटी आज प्रथमच पूर्ण जोडून झाली. पेटीत रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक आहे, स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी पुस्तकांचे मेमरी कार्ड आहे आणि दर्शनी बाजूस दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत सोळा अक्षरे मावणारा एलसीडी पडदा आहे. वाचकाने फोन वाचनालयाच्या वायफायला जोडावा, पडद्यावर दिसणारा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा आकड्यांचा पत्ता) ब्राउझरमध्ये टाकावा आणि पुस्तक उघडून वाचत बसावे, एवढेच या पेटीकडून अपेक्षित आहे. इंटरनेट चालू असो वा बंद, यात खंड पडता कामा नये.

पेटीला कायमचा पत्ता नेमून देणे हा सर्वांत सोपा उपाय होता. परंतु राउटर केबलवाल्याचा आहे, त्याचा पासवर्ड वाचनालयाकडे नाही, आणि वर्षभरात तो राउटर दोनदा बदलला गेला असून दर वेळी पत्त्यांची मालिकाही बदलली आहे. पत्त्याऐवजी ‘.लोकल’ने संपणारे नाव द्यावे, असाही विचार केला होता. पण ग्रंथपालबाईंच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर ते नाव उघडलेच नाही. तेव्हा संगणकाने आपला पत्ता आपणच शोधून पडद्यावर दाखवणे, हाच मार्ग उरला. हे काम तासाभराचे आहे असे मी कामाच्या यादीत लिहून ठेवले आहे. ती ओळ मुद्दाम खोडत नाही.

१३ ऑगस्ट

पहिला प्रयत्न बहुतेक जण करतात तोच केला. यंत्राचे नाव ‘गेटहोस्टनेम’ने विचारायचे आणि ते नाव ‘गेटहोस्टबायनेम’ला देऊन त्याचा पत्ता मिळवायचा, पायथनमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. माझ्या लॅपटॉपवर योग्य उत्तर आले. पेटीत मात्र पडद्यावर १२७.०.१.१ असे उमटले.

याचे कारण ‘होस्ट्स’ फाइलमध्ये, म्हणजे नावे आणि त्यांचे पत्ते लिहिलेल्या यादीत, सापडले. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या कुळातील प्रणाली बसवताना त्या फाइलमध्ये यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ हा पत्ता लिहिला जातो, आणि रास्पबेरी पायची प्रणाली त्याच कुळातील आहे. यात डेबियनचा गलथानपणा नाही. ज्या यंत्राला कायमचा पत्ता नाही, त्याचे नावही नेटवर्कशिवाय ओळखले जावे, यासाठी ती सोय केलेली आहे. १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते लूपबॅकसाठी, म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी, राखून ठेवलेले आहेत. वाचकाने हा पत्ता फोनमध्ये टाकला असता, तर फोनने स्वतःच्याच दारावर थाप मारली असती.

ती ओळ काढून टाकून पाहिली, तेव्हा ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलेल्या प्रत्येक आज्ञेआधी ‘या यंत्राचे नाव सापडत नाही’ अशी कुरकुर सुरू झाली. ओळ पूर्ववत केली. मुळात माझा प्रश्नच चुकला होता, कारण ‘माझ्या नावापुढे कोणता पत्ता लिहिला आहे’ असे मी विचारत होतो आणि त्याचे उत्तर अचूक मिळत होते. नोंदवहीतले नाव आणि प्रत्यक्ष राहते घर यांचा मेळ असेलच असे नाही, हे रेशनकार्डाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

१६ ऑगस्ट

नावाचा नाद सोडून थेट कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, चौकशी केली. सी भाषेतील ‘गेटइफॲडर्स’ हे फंक्शन यंत्राच्या सगळ्या नेटवर्क इंटरफेसची, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्यांची, साखळी हातात देते; काम झाल्यावर ती ‘फ्रीइफॲडर्स’ने सोडून द्यायची असते. त्याआधीची ‘आयओसीटीएल’ची पद्धतही जुन्या प्रोग्रामांत आढळते, पण तिच्यात केवळ आयपीव्ही४ चे (जुन्या, चार आकड्यांच्या पद्धतीचे) पत्ते मिळतात आणि उत्तरासाठी किती जागा राखायची याचा अंदाज आपणच बांधावा लागतो. तिच्या वाटेला गेलो नाही.

इंटरफेस चार असताना साखळीत अकरा कड्या कशा, हे प्रथम उमगले नाही. मग प्रत्येक कडी छापून पाहिली. हे फंक्शन इंटरफेस मोजत नाही, पत्ते मोजते. लूपबॅक, केबलचा इथरनेट, वायफाय आणि माझ्या प्रयोगांतून मागे राहिलेला डॉकर या प्रोग्रामचा आभासी पूल (यंत्राच्या आतलेच नेटवर्क), या चौघांचे हार्डवेअर पातळीवरचे चार पत्ते, आयपीव्ही४ चे चार आणि पहिल्या तिघांचे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे तीन, असा अकराचा हिशेब लागला. शिवाय एखाद्या कडीत पत्त्याची जागा रिकामीही असू शकते. ती तपासल्याशिवाय आत डोकावल्यास प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच ओळीत घातली.

चालू नसलेले इंटरफेस, लूपबॅक आणि आयपीव्ही६ वगळल्यावर तीन पत्ते उरले: १९२.१६८.१.२३, १९२.१६८.१.३१ आणि १७२.१७.०.१. पहिला केबलचा, दुसरा वायफायचा, तिसरा डॉकरचा. मनुष्य लगेच ओळखतो की तिसरा निरुपयोगी आहे. प्रोग्रामने ते कशावरून ओळखायचे, हा खरा पेच आहे. ‘१७२.१७ दिसल्यास टाकून द्यावे’ अशी ओळ लिहिली आणि दहा मिनिटांत पुसली. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची सबंध मालिका फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या दस्तऐवजाने खासगी नेटवर्कांसाठी मोकळी ठेवलेली आहे. उद्या केबलवाल्याने आणलेल्या तिसऱ्या राउटरने हीच मालिका वापरली, तर माझी पेटी खऱ्या पत्त्यालाच खोटा ठरवील. इंटरफेसच्या नावावरून निवड करण्यातही तोच धोका आहे, कारण एका यंत्रावर जो ‘ईटीएच०’ असतो, तो दुसऱ्यावर भलत्याच नावाने वावरतो.

१९ ऑगस्ट

आज प्रश्न बदलला आणि काम पुढे सरकले. ‘माझा पत्ता कोणता’ असे विचारण्याऐवजी ‘मला बाहेर कोणाशी बोलायचे असेल, तर मी कोणत्या पत्त्याने बोलेन’ असे कर्नलला विचारले. त्याची युक्ती प्रोग्रामरांमध्ये जुनीच आहे. यूडीपीचा (आधी जोडणी न करता माहिती पाठवण्याच्या पद्धतीचा) एक सॉकेट, म्हणजे प्रोग्रामचे नेटवर्कशी बोलण्याचे टोक, उघडायचा, बाहेरचा एखादा पत्ता देऊन त्यावर ‘कनेक्ट’ म्हणायचे, आणि लगेच त्याच सॉकेटला ‘गेटसॉकनेम’ विचारायचे. उत्तरात १९२.१६८.१.२३ आले.

टीसीपीमध्ये, म्हणजे आधी जोडणी करून बोलण्याच्या पद्धतीत, ‘कनेक्ट’ म्हटले की समोरच्या यंत्राशी खरोखरच देवाणघेवाण सुरू होते. यूडीपीमध्ये तसे काही होत नाही. कर्नल राउटिंग टेबलात, म्हणजे वाटांच्या यादीत, डोकावतो, दिलेल्या ठिकाणी जायचे तर कोणत्या इंटरफेसमधून जावे लागेल ते ठरवतो, त्या वाटेसाठी आपला कोणता पत्ता लावायचा ते सॉकेटवर लिहून ठेवतो आणि थांबतो. एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, बाहेर पडत नाही. याची खात्री पटावी म्हणून दुसऱ्या खिडकीत पॅकेटांची ये-जा दाखवणारे ‘टीसीपीडंप’ लावून प्रोग्राम वीस वेळा चालवला. त्या पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) एकही ओळ उमटली नाही. म्हणूनच इंटरनेट बंद असतानाही ही युक्ती चालते. बाहेरची वाट टेबलात असली म्हणजे पुरे.

या युक्तीच्या बहुतेक नमुन्यांत एखाद्या प्रसिद्ध डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सेवेचा पत्ता घातलेला असतो. मी त्याऐवजी १९२.०.२.१ घातला. हा पत्ता २०१० च्या आरएफसी ५७३७ नुसार केवळ लेखनातील उदाहरणांसाठी राखलेला आहे. पॅकेट जाणारच नसेल तर कोणाचेही नाव घालावे, असा प्रतिवाद होऊ शकतो. पण पुढे कोणी या प्रोग्राममध्ये खरोखर काही पाठवणारी ओळ घातली, तर ते पॅकेट निष्कारण कोणाच्या दारात पडू नये, असे मला वाटते.

केबल आणि वायफाय दोन्ही चालू असताना केबलचाच पत्ता का आला, याचेही उत्तर टेबलात आहे. पेटीत डेबियन ११ वर आधारलेली प्रणाली आहे आणि तिच्यात पत्ते मागून घेण्याचे काम ‘डीएचसीपीसीडी’ करते. ते केबलच्या वाटेला २०२ आणि वायफायच्या वाटेला ३०३ असा क्रमांक देते, आणि लहान क्रमांकाची वाट आधी निवडली जाते. केबल उपटून प्रोग्राम पुन्हा चालवला, तेव्हा निमूटपणे १९२.१६८.१.३१ आले. डॉकरचा पत्ता एकदाही आला नाही, कारण त्या पुलावरून बाहेर जाण्याची वाटच नाही. शुक्रवारी ज्या निवडीसाठी मी नियमांमागून नियम लिहीत होतो, ती कर्नलकडे तयारच होती.

२२ ऑगस्ट

पेटी वाचनालयात नेऊन बसवली. पाऊण तास सारे सुरळीत चालले आणि मग लाईट गेली.

लाईट परत आल्यावर पेटी अर्ध्या मिनिटात उठली. राउटरला सावरायला दोन-अडीच मिनिटे लागली. पेटीने पत्ता मागितला तेव्हा द्यायला कोणीच जागे नव्हते. अशा वेळी ‘डीएचसीपीसीडी’ काही काळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन टाकते. पत्ते वाटणारा कोणी नसतानाही शेजारच्या यंत्रांशी बोलता यावे, म्हणून २००५ च्या आरएफसी ३९२७ ने ही तरतूद केलेली आहे. माझ्या प्रोग्रामने तो पत्ता इमानेइतबारे पडद्यावर दाखवला आणि आपले काम संपले असे समजून तो बंद झाला. पुढे राउटर जागा झाला, पेटीला १९२.१६८.१.२३ मिळाला, पण पडद्यावर जुना पत्ता तसाच राहिला. ग्रंथपालबाईंनी तो तीन वेळा काळजीपूर्वक टाकून पाहिला आणि ‘आपलंच काहीतरी चुकत असेल’ असे म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, आणि ते वाक्य त्यांना म्हणावे लागले याचे मला वाईट वाटले.

१६९.२५४ चा पत्ता पडद्यावर दाखवायचा नाही, त्याऐवजी वाळूच्या घड्याळाचे चिन्ह दाखवायचे, असे ठरवले. या पडद्याच्या चिपमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. स्वतः घडवलेली फक्त आठ चिन्हे तिच्यात ठेवता येतात आणि प्रत्येकाला पाच बाय आठ ठिपक्यांची चौकट मिळते. त्या चौकटीत ‘पत्ता’ हा शब्द बसवण्याचा खटाटोप मी केला होता. जोडाक्षर असे काही बेंगरूळ दिसले की घड्याळच बरे वाटले.

२७ ऑगस्ट

पत्ता एकदा शोधून भागत नाही, त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते, हे मान्य करून प्रोग्राम नव्याने लिहिला. दर पाच सेकंदांनी विचारत राहणे हा सरळ उपाय आहे आणि खरे तर या पेटीला तो पुरला असता. तरी लिनक्समध्ये ‘नेटलिंक’ची सोय आहे, त्या प्रकारचा सॉकेट उघडून ‘पत्त्यांत बदल झाल्यास कळवा’ असे सांगून ठेवले, की नवा पत्ता लागल्यावर किंवा जुना निघाल्यावर कर्नल स्वतः निरोप पाठवतो. तीच पद्धत घेतली.

निरोप येताच यूडीपीची युक्ती चालवायची आणि उत्तर पडद्यावर टाकायचे, अशी रचना केली. चाचणीत राउटर बंद-चालू केला. निरोप आला, युक्ती चालली, आणि उत्तर मिळाले ‘नेटवर्कपर्यंत वाट नाही’. हाताने तोच प्रोग्राम चालवला तर पत्ता बिनतक्रार येत होता. दीड तास गेल्यावर नेटलिंकचे सगळे निरोप वेळेसह छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. इंटरफेसवर पत्ता आधी चढतो आणि बाहेरची वाट टेबलात त्यानंतर लिहिली जाते. मधले अंतर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचे होते, पण माझा प्रोग्राम नेमका त्याच फटीत प्रश्न विचारत होता. पत्ता होता, वाट नव्हती. आणि मी ऐकत होतो फक्त पत्त्यांच्या बातम्या. मी विचारलेला प्रश्न वाटेचा असेल, तर बातमीही वाटेचीच ऐकली पाहिजे.

आता प्रोग्राम पत्ते, वाटा आणि इंटरफेसची स्थिती या तिन्ही गटांचे निरोप घेतो. निरोपातला मजकूर तो वापरत नाही. काहीतरी हलले एवढेच त्यावरून समजतो, दोन सेकंद सगळे स्थिरावू देतो आणि मग स्वतः नव्याने विचारतो. असे सोळा वेळा बंद-चालू करून पाहिले. प्रत्येक वेळी योग्य पत्ता आला.

३ सप्टेंबर

वाचनालयाच्या समितीतून विचारणा आली की, वाचकांना घरबसल्या पुस्तके उघडता येतील असा पत्ता पेटीवर दाखवता येईल का. हा प्रश्न वरवर सारखा दिसतो, पण तो वेगळा आहे. आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या आतच होती. जग आपल्याला कोणत्या पत्त्याने पाहते, हे मात्र यंत्राला आत कुठेही लिहिलेले सापडत नाही, कारण बाहेर पडताना राउटर पॅकेटवरचा पत्ता बदलून टाकतो. ते बाहेरच्या कोणालातरी विचारावेच लागते.

विचारण्याची रूढ रीत ‘स्टन’ नावाची आहे. यूडीपीच्या ३४७८ या पोर्टवर वीस बाइटांचा प्रश्न पाठवायचा आणि ‘तुझे पॅकेट मला या पत्त्यावरून आले’ असे उत्तर घ्यायचे. यातली एक खुबी मला फार आवडली. २००३ च्या पहिल्या आवृत्तीत तो पत्ता उत्तरात उघडा लिहिला जात असे. काही राउटर इतके उत्साही निघाले की, पॅकेटच्या मजकुरात कुठेही आपल्या ओळखीचे चार बाइट दिसले की तेही बदलून टाकत, आणि उत्तर वाटेतच खोटे होई. म्हणून २००८ च्या आवृत्तीपासून पत्ता एका ठरलेल्या संख्येशी ‘एक्सऑर’ करून, म्हणजे मुखवटा चढवून, पाठवला जातो. मिळाल्यावर त्याच संख्येने तो उतरवायचा.

पेटीतून उत्तर नीट आले. परंतु त्याच दिवशी केबलवाल्याच्या माणसाने राउटरचे पान उघडून दाखवले, तेव्हा राउटरचा स्वतःचा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची मालिका एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी दिलेली आहे. म्हणजे राउटरच्या पलीकडे आणखी एक पत्ता बदलणारा बसलेला आहे आणि स्टनने सांगितलेला पत्ता अनेक ग्राहकांचा मिळून एकच आहे. त्या पत्त्यावर घरून कोणी आले, तर त्याला पेटीपर्यंत कोण पोहोचवणार? समितीला लेखी कळवले की, आहे त्या जोडणीवर हे होणार नाही. स्टनचा भाग प्रोग्राममधून काढून टाकला.

९ सप्टेंबर

गणपतीमुळे वाचनालय बंद आहे. काम नाही.

१२ सप्टेंबर

पडद्यावर पत्ता बरोबर असूनही दोन वाचकांच्या फोनवर पान उघडेना. पहिल्याचा फोन राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडलेला होता आणि त्या वायफायवरून आतल्या यंत्रांपर्यंत जाऊ दिले जात नाही. दुसऱ्याचे कारण अधिक फसवे होते. त्या वेळी इंटरनेट बंद होते. फोनने ते ओळखले आणि वायफाय जोडलेले ठेवूनही सारी वाहतूक मोबाइल डेटावर वळवली. १९२.१६८.१.२३ हा पत्ता मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर शोधला जात होता. मोबाइल डेटा बंद करताच पान उघडले.

पेटीवर दोन ओळींची मराठी सूचना चिकटवली. मात्र मनात एक गोष्ट राहिली: पडद्यावरचा पत्ता म्हणजे ‘मी बाहेर जाताना हा पत्ता लावतो’ असे कर्नलचे म्हणणे आहे. त्या पत्त्यावर कोणी आत येऊ शकते, याचा पुरावा पेटीकडे अजून नाही.

१८ सप्टेंबर

पुरावा मिळण्याची जागा समोरच होती. वाचकाची जोडणी स्वीकारली गेली की त्या स्वीकारलेल्या सॉकेटला ‘गेटसॉकनेम’ विचारता येते, आणि वाचक आपल्या कोणत्या पत्त्यावर आला ते त्यातून निर्विवाद कळते. ऐकत बसलेल्या मूळ सॉकेटला विचारून उपयोग नसतो. तो सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, म्हणून नुसता शून्यांचा पत्ता सांगतो.

पहिल्या चाचणीत हे उत्तर जसेच्या तसे पडद्यावर पाठवले, तर पुढे दोन अपूर्णविराम, चार वेळा ‘एफ’, पुन्हा अपूर्णविराम आणि मग १९२.१६८.१ असे दिसले. सर्व्हर आयपीव्ही६ च्या सॉकेटवर ऐकत असल्यामुळे आयपीव्ही४ चा पत्ता त्या वेष्टनात आला होता. वेष्टनाची सात अक्षरे आणि पत्त्याची पहिली नऊ मिळून बरोबर सोळा होतात, त्यामुळे पडदा नेमका तिथे संपला आणि शेवटचे ‘.२३’ दिसलेच नाही. वेष्टन काढून टाकले.

दुसरी चूक माझ्याच देखरेखीने घडवली. सर्व्हर जिवंत आहे का हे पाहण्यासाठी पेटी दर मिनिटाला आपल्याच पत्त्यावर पान मागते. यंत्राने स्वतःच्या पत्त्यावर पाठवलेले पॅकेट केबलपर्यंत जातच नाही, आतल्या आत लूपबॅकवरून परत येते. तरीही ‘गेटसॉकनेम’ १९२.१६८.१.२३ असेच सांगते. म्हणून येणारा पत्ता आणि आपला पत्ता एकच असेल, तर ती भेट मोजायची नाही, अशी अट घातली.

आयपीव्ही४ चा पत्ता कितीही लांब असला तरी पंधरा अक्षरांपलीकडे जात नाही. सोळावे घर कायम रिकामे राहते. दाखवलेल्या पत्त्यावर खरोखर एखादा फोन येऊन पोहोचला की आता त्या घरात बरोबरची खूण उमटते, आणि पत्ता बदलला की ती पुसली जाते. आज सायंकाळी लाईट जाऊन आल्यावर पेटीने घड्याळ दाखवले, मग १९२.१६८.१.२७ हा नवा पत्ता दाखवला. ग्रंथपालबाईंनी तो फोनमध्ये टाकला आणि पान उघडण्याआधी मान वर करून सोळाव्या घराकडे पाहिले. खूण उमटली होती.